कोणत्या पेशी?

माझे मामा कराडला शिंपी होते. काज करावं तर त्यांनीच, असं पेठेतले दुसरे शिंपीही कबूल करायचे. लग्नसराईत इतर दुकानांतले सदरे केवळ काजांसाठी त्यांच्याकडे येत. २००६ साली त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता टेकलेला असताना थरथरू लागला. सुई हातात घेतली की थरथर थांबायची, म्हणून वर्षभर कुणी मनावर घेतलं नाही. मग टाके बारीक झाले, एकमेकांच्या अंगावर चढायला लागले. एका संध्याकाळी एकाच काजावर अर्धा तास घालवून त्यांनी तो सदरा तसाच घडी करून ठेवून दिला. पुढच्या महिन्यात निदान झालं, पार्किन्सन्स.

गोळ्यांवर पाच-सहा वर्षं बरी गेली. नंतर गोळीचा असर दोन तासांतच उतरू लागला. उतरला की मामा खुर्चीत थिजल्यासारखे बसून राहत, आणि चढला की अंग नको तितकं हलत राही. त्याच सुमारास कुणीतरी घरी एक माहितीपत्रक आणून दिलं. एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रात मूळपेशींचं इंजेक्शन देऊन हा आजार बरा करतात, असं त्यात लिहिलं होतं. मामीनं पाटल्या मोडल्या. तिथं मामांच्या कंबरेच्या हाडातली मज्जा काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि पाठीच्या कण्यातून सुईनं आत सोडल्या. परतीच्या गाडीत मामांनी मला विचारलं, "तू शिकवतेस ना गं हे? मग सांग, त्या पेशी कोणत्या होत्या? कशाच्या?"

मी तेव्हा वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होते. माहितीपत्रकातलंच वाक्य मी त्यांना सांगितलं, की मूळपेशी काहीही होऊ शकतात, गरज असेल तिथं आपसूक जातात. मामांनी मान हलवली. "माप न घेता कुणी कापड बेततं का?" म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

इंजेक्शनाचा काहीही उपयोग झाला नाही. मामा २०१७ च्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, ज्यांना भेटले, जे पुन्हा पहिल्यापासून शिकले, ते पुढच्या पानांत आहे. मानवी मूळपेशींपासून मेंदूतली एक विशिष्ट जातीची चेतापेशी कशी वाढवतात, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्यातला 'विशिष्ट' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मामांना नेमकं तेच विचारायचं होतं.

आधी काय हरवतं ते बघू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. पार्किन्सन्समध्ये हालचालींना जी अडचण येते, ती यांतल्या काही लाख पेशींच्या जाण्यानं येते. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो. मेंदू कापून पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्या पट्ट्यातल्या चेतापेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्या उद्योगात मागे राहिलेल्या रंगद्रव्यानं वयाबरोबर काळ्या होत जातात. लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या वैद्यानं १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं, पण बिघाड कुठं आहे हे कळायला शंभर वर्षं गेली. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्स्टंटिन त्रेत्याकॉफ या तरुण डॉक्टरनं आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की या रुग्णांच्या मेंदूत तो काळा पट्टा फिका पडलेला असतो.

या पेशींचं शरीर मध्यमेंदूत, पण त्यांचे तंतू पुढे मेंदूच्या खोल भागातल्या पुटामेन या गाठीसारख्या केंद्रापर्यंत जातात आणि तिथं एखाद्या वडाच्या फांद्यांसारखे फुटतात. एकेका पेशीच्या लाखो जोडण्या असतात, असा अंदाज आहे. एवढा मोठा पसारा सांभाळायला तिला अखंड ऊर्जा लागते, आणि ती लवकर थकून मरण्याचं एक कारण हेच असावं, असं अनेक संशोधक मानतात. दुखणं बाहेर दिसू लागतं तोवर या पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गेलेल्या असतात. मामांचा हात मांडीवर थरथरला त्या दिवशी ते नुकसान वर्षानुवर्षांचं जुनं होतं.

डोपामिनचं महत्त्व कळलं त्या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी औषधी. रुस्तम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काय दिसलं, ते १९४९ मध्ये ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात लिहिलं, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रेझर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंदावतात, चेहरे निर्विकार होतात, हेही लवकरच ध्यानात आलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांनी त्याच सशांना एल-डोपा टोचलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. पुढे व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरोखरच आटलेलं असतं हे मोजून दाखवलं, आणि त्या दशकाच्या शेवटी एल-डोपा हे औषध म्हणून स्थिरावलं. मामांची गोळी ती हीच. आपल्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य नैसर्गिकरीत्या असतं, आणि मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ मध्येच त्यांतून वेगळं काढलं होतं. (म्हणून कुणी खाजकुइलीची पूड मनानंच सुरू करू नये. त्यातलं प्रमाण ठरलेलं नसतं, आणि डॉक्टरांच्या गोळीत ती मिळाली की औषध जास्त होतं.)

गोळी डोपामिन देते, पण ते बनवणाऱ्या पेशी देत नाही. दिवसातून चार-पाच वेळा मेंदूला पूर येतो आणि मधे दुष्काळ पडतो. आजार वाढतो तसे पूर आणि दुष्काळ दोन्ही तीव्र होतात. म्हणून पेशीच परत बसवता येतील का, हा विचार जुना आहे.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात आंडेर्स ब्यॉर्कलुंड आणि ओले लिंडवाल यांनी १९८७ मध्ये गर्भपात झालेल्या मानवी गर्भाच्या मध्यमेंदूतलं ऊतक रुग्णांच्या मेंदूत बसवायला सुरुवात केली. काही रुग्णांची स्थिती कितीतरी वर्षं सुधारलेली राहिली; एखाद्याची गोळीसुद्धा सुटली. मेंदूत नव्यानं आलेली पेशी रुजू शकते, डोपामिन सोडू शकते, हे तिथं सिद्ध झालं. पण एका रुग्णाला अनेक गर्भांचं ऊतक लागे, तेही अगदी ठरावीक आठवड्यांचं, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीच उपलब्ध असलेलं. नैतिक प्रश्न तर होतेच. अमेरिकेत पुढे झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००१ आणि २००३ मध्ये आले आणि त्यांमुळे उत्साहावर पाणी पडलं. सरासरी फायदा पुरेसा दिसला नाही, आणि काही रुग्णांचं अंग औषध बंद असतानाही आपोआप हलू लागलं.

असं का व्हावं? याचं एक उत्तर २०१० मध्ये लंडनमध्ये मिळालं, आणि या पुस्तकाचा कणा त्या उत्तरात आहे. असा त्रास होणाऱ्या दोन रुग्णांच्या मेंदूचं चित्रण केल्यावर दिसलं, की बसवलेल्या ऊतकातून डोपामिनच्या पेशींबरोबर सेरोटोनिनच्या पेशीही भरपूर वाढल्या आहेत. गर्भाच्या मेंदूत या दोन जाती अगदी शेजारी जन्मतात, मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे. ऊतक कापताना सुरी जराशी मागे सरकली की सेरोटोनिनवाल्या पेशी सोबत येतात. त्या डोपामिन उचलतात आणि ताळतंत्र न ठेवता सोडत राहतात. सेरोटोनिनच्या पेशींना आवर घालणारं औषध दिल्यावर त्या दोघांच्या अंगाचं हलणं कमी झालं. म्हणजे मेंदूच्या पेशी बसवल्या, एवढं पुरत नाही. शेजारच्या गल्लीतली पेशी आली तरी घात होतो.

आता मूळपेशी. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूळपेशींच्या पहिल्या वसाहती वाढवल्या. कृत्रिम गर्भधारणेसाठी तयार केलेले, पण वापरात न आलेले, जोडप्यांनी दान दिलेले असे ते भ्रूण होते, जेमतेम आठवड्याभराचेही नाहीत. त्यांतल्या पेशी बशीत न थकता वाढतात आणि शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही अशा दोन वसाहती वाढवल्या गेल्या. नंतर २००६ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या, पूर्ण घडलेल्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेलं. पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही हे साधलं. बेडकाच्या आतड्यातल्या पेशीच्या केंद्रकापासून अख्खा बेडूक घडू शकतो, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं. २०१२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

इथं थांबून मामांच्या इंजेक्शनाकडे वळते. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी आणि या मूळपेशी यांच्यात नावाखेरीज फारसं साम्य नाही. अस्थिमज्जेत रक्त घडवणाऱ्या पेशी असतात, आणि रक्ताच्या कर्करोगात त्यांचं प्रत्यारोपण खरोखर जीव वाचवतं. तिथंच हाड आणि कूर्चा घडवू शकणाऱ्याही काही पेशी असतात. पण पाठीच्या कण्यात सोडल्या म्हणून त्या मध्यमेंदूतल्या डोपामिनच्या पेशी होत नाहीत. 'मूळपेशी' या एका शब्दाखाली या साऱ्या जाती एकत्र आल्या, आणि त्या गर्दीत कितीतरी घरांचे पैसे गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे, की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करायचा नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे कुणी पैसे मागत असेल, तर ती चाचणी नाही. एवढं वाचून कुणी पुस्तक मिटलं तरी माझी तक्रार नाही.

बशीतल्या मूळपेशीला डोपामिनची पेशी व्हायला कसं सांगतात? उत्तराची सुरुवात एका पाणसरड्याच्या भ्रूणापासून होते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीनं हान्स श्पेमान यांच्या मार्गदर्शनाखाली एका भ्रूणातला सूक्ष्म तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला. तिथं मेंदू आणि पाठीच्या कण्यासकट दुसरं शरीर उभं राहिलं. वेगळ्या रंगाच्या दोन जातींचे भ्रूण वापरल्यामुळे हे नवं शरीर बहुतांशी यजमानाच्याच पेशींचं आहे, हे तिला दिसलं. त्या चिमुकल्या तुकड्यानं शेजाऱ्यांना काहीतरी सांगितलं होतं. निबंध १९२४ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी घरात स्वयंपाकाच्या इंधनाचा भडका उडून हिल्डे गेली; ती अजून पंचविशीतच होती. १९३५ चं नोबेल श्पेमान यांना मिळालं.

तो तुकडा काय सांगत होता हे कळायला सत्तर वर्षं लागली. तो चक्क अडवत होता. भ्रूणाच्या बाह्यस्तरातल्या पेशींना त्वचेकडे ढकलणारे काही रासायनिक निरोप सतत येत असतात. ते निरोप अडवले, की पेशी मेंदूच्या वाटेला लागतात. मला वर्गात हे सांगताना दर वर्षी नव्यानं आश्चर्य वाटायचं, की आपल्या बाह्यस्तरातली पेशी कुणी काही न सांगितल्यास मेंदूच व्हायला बघते. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग संस्थेत लोरेन्झ श्टुडर यांच्या गटानं मानवी मूळपेशींना येणारे असे दोन निरोप एकाच वेळी अडवले, आणि दोन आठवड्यांच्या आत ऐंशी टक्क्यांहून अधिक पेशी चेतासंस्थेच्या झाल्या. आधी याच कामाला आठवडेच्या आठवडे जात आणि हाती सरमिसळ येई.

पण चेतासंस्थेची पेशी म्हणजे अजून गावाचं नावही नाही, नुसता जिल्हा. भ्रूणाचा मेंदू सुरुवातीला एक पोकळ नळी असतो. त्या नळीत पेशी पुढे आहे की मागे, छताला आहे की तळाला, यावर ती कोण होणार हे ठरतं. पेशीला डोळे नाहीत. आपल्याभोवती कोणतं रसायन किती दाट आहे, यावरून ती आपली जागा ओळखते. नळीच्या खालून सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन पाझरतं. ते भरपूर मिळालं तर पेशी समजते की आपण तळाशी आहोत. (एका संगणकीय खेळातल्या पात्राचं हे नाव. या कुळातलं पहिलं जनुक फळमाशीत सापडलं होतं. ते बिघडलं की अळी साळिंदरासारखी काटेरी दिसते.) पुढे-मागेचा हिशेब विंट कुळातल्या प्रथिनांचा, ती जितकी जास्त, तितकी पेशी मागची. बशीत हे सगळं माणसानं मापून द्यायचं असतं. पेशीला ती कुठं आहे हे पटवून द्यायचं, पुढचं ती स्वतः करते. डोपामिनची पेशी 'बनवणं' हा शब्द म्हणूनच मला पटत नाही. तिला पत्ता द्यायचा असतो.

बरीच वर्षं पत्ताच चुकत होता. २००४ च्या आसपासच्या निबंधांत बशीतल्या पेशी डोपामिन बनवत होत्या, डोपामिन बनवणारं विकर त्यांच्यात दिसत होतं, चित्रं सुंदर होती. पण प्राण्यांच्या मेंदूत बसवल्या की त्या टिकत नसत, किंवा त्यांच्यासोबत दुसऱ्याच पेशी बेसुमार वाढत. मग उंदरांच्या भ्रूणांवरच्या अभ्यासांतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. मध्यमेंदूच्या डोपामिन पेशी नळीच्या अगदी तळाच्या पट्टीतून जन्मतात, आणि त्या पट्टीतून चेतापेशी जन्मतच नाहीत असं तोवर सगळे मानत होते. इतकी वर्षं सगळे शेजारचं दार ठोठावत होते. २०११ मध्ये श्टुडर यांच्या गटानं आधी पेशींना तळाची पट्टी केलं, मग विंटचा मार्ग चालू करणारं एक छोटं रसायन ठरावीक दिवशी, ठरावीक मापात देऊन त्यांना मध्यमेंदूत आणलं. या पेशी उंदरांत आणि माकडांत टिकल्या. पुढच्याच वर्षी लुंडच्या मालिन परमार यांच्या गटानं दाखवलं, की त्याच रसायनाचं माप पायरी-पायरीनं वाढवत गेलं तर पेशी अग्रमेंदूकडून मध्यमेंदूकडे आणि तिथून पश्चमेंदूकडे सरकतात. मधली पायरी अगदी अरुंद आहे. माप थोडं वर गेलं की आपण सीमा ओलांडून पश्चमेंदूत पोचतो, तिथं सेरोटोनिनच्या पेशी जन्मतात, आणि लंडनच्या त्या दोन रुग्णांचा त्रास पुन्हा समोर उभा राहतो.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांशी बोलताना मला सगळ्यात जास्त ऐकू आलं ते याच मापाबद्दल. रसायनाची नवी बाटली आली की माप पुन्हा ठरवावं लागतं, पेशींची वसाहत बदलली की पुन्हा. रोज द्रव बदलायचा, रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. सोळा दिवस झाले, पंचवीस झाले, की पेशींत खुणेची प्रथिनं तपासायची. एक जरी मूळपेशी न घडता तशीच राहिली असेल तर मेंदूत तिची गाठ होऊ शकते, म्हणून लाखोंत एखादी उरली आहे का हेही शोधायचं. मामा काज करताना श्वास रोखायचे, ते मला या मंडळींकडे बघून आठवायचं.

मेंदूत बसवतात त्या पूर्ण वाढलेल्या पेशी नसतात. तंतू फुटलेली प्रौढ चेतापेशी सुईतून जाताना मरते. म्हणून आपण कोण होणार हे ठरलेली, पण अजून वाढायची असलेली पेशी पाठवतात, जसं रोप लावतात. लावतात कुठं, हेही लक्षात घ्यावं. काळ्या पट्ट्याच्या मूळ जागी नाही, तर तंतू जिथं पोचायला हवेत त्या पुटामेनमध्येच. प्रौढ मेंदूत इतकं अंतर कापून तंतू पोचतील याचा भरवसा नसतो. पाट फुटला म्हणून धरणापासून नवा पाट खणत न बसता झाडाच्या बुडाशी ठिबक बसवावं, तसा हा विचार आहे. आणि पेशी आपल्याच गतीनं वाढते. उंदराचा गर्भ तीन आठवड्यांत जन्मतो, पण त्याच्या मेंदूत लावलेली मानवी चेतापेशी कामाला लागायला कितीतरी महिने घेते. आपण माणसाचे आहोत, हे ती उंदराच्या मेंदूतही विसरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन चाचण्यांचे निष्कर्ष एकाच वेळी आले. क्योतो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या गटानं यामानाकांच्या पद्धतीनं घडवलेल्या मूळपेशींपासून पेशी वाढवल्या आणि ५० ते ६९ वयाच्या सात रुग्णांना मेंदूच्या दोन्ही बाजूंना मिळून पन्नास लाख ते एक कोटी पेशी दिल्या. या गटानं एक खास काळजी घेतली होती. तळाच्या पट्टीची खूण अंगावर असलेल्या पेशीच निवडून घेतल्या. त्यांचा पहिला रुग्ण २०१८ च्या ऑक्टोबरमधला, मामांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षांत गंभीर अपाय झाला नाही. ज्यांच्या हालचाली मोजल्या त्या सहांपैकी चौघांत औषध उतरलेल्या वेळीही सुधारणा दिसली, आणि मेंदूच्या चित्रणात डोपामिनची हालचाल वाढलेली होती. दुसरी चाचणी अमेरिका आणि कॅनडातली, बारा रुग्णांची, विवियन टाबर यांच्या नेतृत्वाखालची. तिच्यात भ्रूणापासूनच्या मूळपेशी होत्या; थॉमसन यांनी १९९८ मध्ये वाढवलेल्या वसाहतींपैकीच एक. मेंदूच्या प्रत्येक बाजूला नऊ लाख किंवा सत्तावीस लाख पेशी दिल्या. दीड वर्षानंतर तिथंही पेशींमुळे अपाय झालेला नव्हता, आणि जास्त मात्रा मिळालेल्यांची स्थिती अधिक सुधारलेली होती. आपोआप अंग हलण्याचा जुना त्रास दोन्ही चाचण्यांत दिसला नाही. पत्ता बरोबर निघाला.

स्वीडन आणि केंब्रिज यांची संयुक्त चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. त्याआधी, २०२० मध्ये, अमेरिकेत एका रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेपासून घडवलेल्या पेशी त्याला दिल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्याबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण स्वतःच्या पेशी म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत, पण प्रत्येकासाठी वेगळी वसाहत म्हणजे अफाट खर्च, आणि आपल्यासारख्या देशात हा प्रश्न टाळता येणार नाही. अपस्मारासाठी मेंदूला शांत करणाऱ्या पेशी आणि स्नायूंना चालवणाऱ्या पेशी यांचीही ओझरती ओळख पुढे येईल.

या पेशींनी आजार बरा होत नाही, हे मी इथंच सांगते. ज्या कारणानं जुन्या पेशी मेल्या ते कारण शरीरात तसंच राहतं. गर्भाचं ऊतक बसवलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर, २००८ मध्ये, त्या नव्या पेशींतही आजाराची खूण असलेले गोळे सापडले होते. अर्थात दहाहून अधिक वर्षांनंतर, आणि थोड्याच पेशींत. झोप, वास, बद्धकोष्ठ, विसर, उदासी यांतलं बरंच काही डोपामिनच्या या पट्ट्याशी बांधलेलं नाही, आणि पुण्यामुंबईतल्या पार्किन्सन्सच्या मदतगटांत बसलं की कळतं, की घरच्यांना थकवतं ते बहुधा हेच. तरी ज्याला सकाळी उठून सदऱ्याची गुंडी स्वतः लावता येईल, त्याला हे थोडं आहे असं मी म्हणणार नाही.

आता तिसऱ्या टप्प्याची चाचणी अमेरिकेत सुरू झाली आहे, शंभराच्या आसपास रुग्णांची. 'नेचर'मधल्या त्या दोन चाचण्यांत आपल्याला पेशी मिळाल्या हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि पार्किन्सन्समध्ये आशेचा असर फार खोल असतो. उपचार मिळाला या नुसत्या विश्वासानंही रुग्णाच्या मेंदूत डोपामिन सुटतं, हे २००१ मध्ये मोजून दाखवलं गेलं आहे. म्हणून या वेळी काहींना भूल दिली जाईल, डोक्याला टाके पडतील, पण पेशी आत जाणार नाहीत. कुणाला काय मिळालं हे त्यांना किंवा त्यांची हालचाल मोजणाऱ्यांना दीड वर्ष कळणार नाही. हे सगळं आधी समजावून सांगितल्यावर त्या माणसांनी सही केली आहे, आणि पार्किन्सन्सच्या माणसाची सही कशी असते ते मी पाहिलं आहे. बारीक, शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेली. कराडच्या दुकानातल्या एका अर्धवट काज केलेल्या सदऱ्याबरोबर हे पुस्तक त्या सह्यांना अर्पण केलं आहे.